आवाज बंद ठेवून खेळलेला खेळ

असं समज, तू एक कोकरू आहेस. पाय अजून नीट टेकत नाहीत आणि माळावर वावटळ उठली आहे. पुढं धुरळा, मागं धुरळा, कळप कुठं गेला ते दिसत नाही. अशा वेळी काय करशील? पळालास तर एखाद्या पडक्या विहिरीत जाशील. ओरडलास तर तुझं ओरडणं वाराच घेऊन जाईल. मग एकच गोष्ट हातात उरते. उभं राहायचं आणि कान द्यायचा. तुझ्या मेंढक्याची हाक डाव्या कानाला मोठी आली तर डावीकडं वळायचं, उजव्या कानाला आली तर उजवीकडं.

आता हेच कोकरू फोनच्या पडद्यावर आहे असं समज, कारण ही गोष्ट मोबाइलवरच्या एका खेळाची आहे. जोतिराम नावाच्या मुलानं तो बनवला. बनवला तो जगातल्या एकाच माणसासाठी, आपल्या धाकट्या बहिणीसाठी, सृष्टीसाठी. हे तुला आत्ताच सांगून ठेवतो, कारण सृष्टीला ते माहीत नव्हतं.

त्यांचे वडील येडू मेंढपाळ होते. सांगोल्याकडचे. वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतीवर असायचे. जोतिराम सुट्टी लागली की त्यांच्याबरोबर जायचा. सृष्टी शाळेपायी गावातच आजीपाशी राहायची. वडील घरी यायचे ते पाहुण्यासारखे, आणि दमलेले असल्यामुळं फार बोलायचे नाहीत. मग एका वर्षी फिरतीवरच त्यांना पान लागलं, म्हणजे साप चावला. दवाखाना लांब होता, ते वाचले नाहीत. मेंढरं विकली, आणि आई केराबाई दोन्ही लेकरांना घेऊन सोलापुरात नीलम नगरात आली. शाळेचे गणवेश शिवायचं काम घरी आणू लागली. जोतिराम संगणकाचं शिकला आणि श्रीपूरला साखर कारखान्याजवळच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागला. रविवारी तेवढा घरी यायचा.

अशाच एका रविवारी सृष्टीनं त्याला विचारलं होतं, “दादा, आबांचा आवाज कसा हुता रं? तोंड आठवतंय मला. आवाज आठवंना.”

जोतिरामच्या जुन्या फोनमध्ये वडिलांचा आवाज होता. कळपाला घातलेल्या हाका, त्यानं एकदा सहज टिपून ठेवलेल्या. तू म्हणशील, मग सरळ ऐकवायच्या की! त्यानं फोन दोनदा हातात घेतलाही. पण मेंढक्याची हाक ही नुसती ऐकायची गोष्ट नसते. दर मेंढक्याची हाक वेगळी असते. पन्नास कळप एका माळावर उतरले तरी मेंढरं आपल्याच माणसाच्या हाकेला मान वळवतात आणि तिच्या दिशेनं चालू लागतात. जोतिरामला वाटलं, सृष्टीनंही ती हाक तशीच ऐकावी. तिच्याकडं चालत जावं. म्हणून तो रोज दुकान बंद झालं की बसायचा आणि एकेक टप्पा जोडायचा. खेळाला नाव दिलं ‘चुकलेलं कोकरू’.

आता सृष्टीकडं येऊ. ती आठवीत होती आणि यूट्यूबवर ‘सृष्टीचा निकाल’ नावाचा तिचा चॅनल होता. नवा खेळ आला की ती तो खेळायची, तो कसा आहे ते सांगायची आणि शेवटी पाचपैकी तारे द्यायची. बोलायची फक्कड. बघणारी पोरं हसून लोळायची. केराबाई तेवढा वेळ शिलाईचं यंत्र बंद ठेवायची आणि दाराबाहेर कुणी भांडत असलं तर त्यांनाही गप्प करून यायची.

सृष्टीचे दोन नियम होते. ओळखीच्या माणसाचा खेळ घ्यायचा नाही, कारण एकदा मैत्रिणीच्या मामाच्या खेळाला चार तारे दिले तेव्हा लोकांनी तिला धू धू धुतलं होतं. दुसरा नियम असा, की खेळाचा आवाज बंद ठेवायचा. एकाच फोनवर खेळायचं आणि बोलायचं म्हटलं की खेळातल्या आवाजानं तिचा आवाज दबायचा. म्हणून ती सगळेच खेळ मुके करून खेळायची आणि मागं एखादी उडती चाल जोडायची.

पहिल्या नियमामुळं जोतिरामनं आपलं नाव लपवलं. ‘माळरान गेम्स’ या नावानं त्यानं बहिणीलाच निरोप पाठवला, “ताई, आमच्या नव्या खेळाचा निकाल सांगाल का? जे वाटेल ते खरं सांगा.” लहान बहिणीला ताई म्हणताना त्याला दुकानात एकट्यालाच हसू आलं होतं.

दुसरा नियम त्याच्या ध्यानातच आला नाही. खेळाच्या पहिल्या पानावर त्यानं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘कानाला हेडफोन लावून खेळा. हाक येईल तिकडं चला.’ पण निकाल सांगणाऱ्यांना घाई असते. सृष्टीनं ते पान वाचायच्या आत बोटानं सरकवलं.

मग काय झालं असेल ते तुझं तूच ओळख. पडद्यावर तपकिरी धुरळा. मधे एक पांढरा ठिपका, म्हणजे कोकरू. आवाज नाही, त्यामुळं दिशा नाही. कोकरू इकडं गेलं की काट्यात, तिकडं गेलं की खड्ड्यात.

“मित्रांनो,” सृष्टी फोनसमोर म्हणाली, “हा खेळ नाहीये. आमच्या गल्लीतनं पाण्याचा टँकर गेल्यावर कुणीतरी फोटो काढलाय! आणि ही मेंढी आहे का इडली? बनवणाऱ्या काकांनी आयुष्यात मेंढी बघितलीय का? अर्धा तारा. तोही इडलीला.”

तो तिचा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ ठरला. पोरांनी ते वाक्य उचललं. खेळ जिथून घ्यायचा त्या पानावर जो येईल तो ‘टँकर गेल्यावरचा फोटो’ असं लिहून अर्धा तारा देता येत नाही म्हणून एक तारा टेकवून जाऊ लागला. त्यातल्या कितीजणांनी खेळ उघडून तरी बघितला होता, कुणास ठाऊक.

पुढच्या रविवारी जोतिराम घरी आला, तेव्हा सृष्टी दारातच नाचत होती.

“दादा, बघितलास का? त्यो मेंढीचा व्हिडिओ! आपल्या शाळेतल्या सरांनी पण बघितला.”

“बघितला की.”

“हसलास का न्हाय?”

“इडली म्हणालीस तवा हसलो,” जोतिराम म्हणाला. ते खोटं नव्हतं. मग त्यानं विचारलं, “नीट खेळून बघितलंस का पर?”

“खेळायला त्यात हायच काय? निस्ता धुरळा. कोन बनवतंय रं असलं? कामधंदा नसंल त्याला.”

“नसंल,” जोतिराम म्हणाला.

केराबाईनं त्याच्या ताटात भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. तिचा चेहरा किती दिवसांनी असा उजळला होता. “पोरीचं नाव झालं बघ गल्लीत. पलीकडची बाई मला म्हणती, तुमची सृष्टी लई हुशार हाय.”

जोतिरामनं सांगायला तोंड उघडलं होतं. आईकडं बघून त्यानं त्यात घास घातला. आत्ता सांगितलं तर सृष्टी दयेपोटी खेळेल, खोटं चांगलं बोलेल, आणि घरात आलेलं हे हसू जाईल. त्या संध्याकाळच्या गाडीनं तो श्रीपूरला परतला आणि त्यानं खेळ दुकानातून, म्हणजे जिथून लोक फोनवर खेळ घेतात तिथून, काढून टाकला. आता तो कुणालाच मिळणार नव्हता. राहिला तो ज्यांनी आधी घेतला होता त्यांच्या फोनमध्ये. सृष्टीच्या फोनमध्ये होता. जागा भरली की काढू, म्हणून तिनं तसाच ठेवला होता.

काही दिवसांनी तिची मैत्रीण उत्कर्षा दुपारी घरी आली.

“ए, ती इडली दाखव की मला. मी शोधली तर सापडंना. तुझ्या भीतीनं पळाले वाटतं ते काका!”

“पळणारच. ही घे, खेळ. पण रडू नको हां कंटाळून.”

उत्कर्षाला व्हिडिओ करायचा नव्हता. तिनं फोन घेतला आणि तिच्या सवयीप्रमाणं आवाज वाढवला. आतल्या खोलीत केराबाईचं यंत्र चालू होतं. फोनमधून आधी वारा सुटल्याचा आवाज आला. मग जीभ टाळूला लावून काढलेला एक लांब र्रर्रर्र, आणि त्याच्यामागून एका पुरुषाचा घोगरा, ओढलेला आवाज.

“याऽ याऽ… चला गं बायांनोऽ… याऽ…”

यंत्र थांबलं.

केराबाई दारात आली. हातात अर्धवट शिवलेली बाही तशीच होती, दोरा तिला लोंबकळत होता. ती फोनकडं बघत नव्हती. ती रस्त्याकडच्या दाराकडं बघत होती.

“कोनी हाक मारली?”

“कुणी न्हाई काकू, खेळ हाय,” उत्कर्षा म्हणाली.

“चला गं बायांनोऽ…” फोन पुन्हा म्हणाला.

केराबाई उंबऱ्यावरच खाली बसली. “आगं, ह्ये हिचे आबा हायत,” ती म्हणाली. “मेंढरांना बायांनो म्हणायचे. मी चिडायची, मला कदी असं गोड बोलला न्हाईत म्हणून. सृष्टे, कुटनं आला गं ह्यो आवाज?”

सृष्टीच्या ध्यानात आलं. मेंढरांना बायांनो म्हणणारा माणूस ज्या फोनमध्ये टिपून ठेवला असेल, असा फोन एकाकडंच होता, आबांबरोबर फिरतीवर जाणाऱ्या दादाकडं. कामधंदा नसंल त्याला, असं ती त्याच्या तोंडावर म्हणाली होती, आणि तो ‘नसंल’ म्हणून जेवत राहिला होता.

उत्कर्षानं फोन हळूच तिच्या हातात ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेली.

सृष्टीनं जोतिरामला फोन लावला. दुकानात गिऱ्हाईक होतं, मागं उसाच्या ट्रॅक्टरांची घरघर चालली होती.

“दादा.”

“बोल की.”

“दादा, त्यो खेळ…” पुढं तिला हुंदकाच आला.

जोतिरामनं विचारलं, “ऐकू आलं का आबांचं?”

“आलं.”

“आईनं ऐकलं?”

“व्हय. उंबऱ्यात बसलीया.”

“मग झालं की. आणि काय पायजे हुतं मला?”

“मी व्हिडिओ काढून टाकते. आत्ताच्या आत्ता. दुसरा करते. पाच तारे देते. तू खेळ परत लाव, दादा, पाया पडते.”

“लावून काय करू? त्या पानावर आता तुझंच वाक्य लिवलंय सगळ्यांनी. परत लावला तर परत तेच लिवत्याल.” त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच तिला जास्त रडू येत होतं. “मी न्हाय करत आता खेळबीळ. सीझन सुरू झालाय, दुकानात काम लई हाय. आणि पाच तारे कशापायी? मेंढी इडलीसारखी हायच. मला चित्र काढता येत न्हाय.”

“दादा, असं नको ना बोलू.”

“सृष्टे, ऐक. तू जे बघितलंस ते बोललीस. ऐकलं न्हाईस एवढंच. किती टप्पे खेळलीस?”

“पहिला. तो पण अर्धा.”

“मग शेवटपर्यंत खेळ आदी. त्याच्यानंतर काय वाटंल ते बोल, वाईट वाटलं तरी बोल. पर खेळून बोल.” मागून कुणीतरी त्याला हाक मारली. “ठेवतो. गिऱ्हाईक हाय.”

सृष्टीनं डोळे पुसले आणि खेळाचं पहिलं पान या वेळी वाचलं. आईच्या शेजारी उंबऱ्यात येऊन बसली. हेडफोनचं एक टोक आईच्या कानात घालायला गेली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की एकेका कानानं दिशा कळणार नाही. मग तिनं दोन्ही टोकं आईच्या कानात घातली. आई सांगेल तिकडं ती कोकरू नेऊ लागली.

“डावीकडं,” केराबाई म्हणायची. “आता माझ्या उजव्या कानात बोलत्यात. जा, जा तिकडं.” तिचे डोळे मिटलेले होते. मधेच ती हसायची, मधेच पदर तोंडाला लावायची.

पहिला टप्पा झाला. दुसरा झाला. धुरळ्यात बाभळी होत्या, ओढा होता, एका ठिकाणी भरधाव रस्ता होता, आणि दर वेळी आबा वेगळ्या बाजूनं हाक घालत होते. सृष्टीला ती ऐकू येत नव्हती. पण आईच्या चेहऱ्यावर ती कुठून येते आहे ते तिला दिसत होतं.

शेवटच्या टप्प्यात धुरळा जास्तच दाट झाला. सृष्टी वाट बघत राहिली.

“कुटं, आई?”

केराबाई ऐकत होती. तिनं एक टोक कानात घट्ट दाबलं. मग दुसरं दाबलं.

“आई, कुटं?”

“वारा हाय निस्ता,” केराबाई म्हणाली. “ते बोलंनात.”

सृष्टीनं हेडफोन काढून आपल्या कानात घातला. वारा होता. तिनं आवाज पूर्ण वाढवला. वाराच होता. पडद्यावर कोकरू उभं होतं, आणि बिघाड झालेला नव्हता, कारण त्याचे कान हलत होते. दोघी तशाच बसून राहिल्या. गल्लीतून भाजीवाला गेला, शाळा सुटलेली पोरं गेली. आपल्या दादानं या टप्प्यात हाक ठेवलेलीच नाही, हे सृष्टीला हळूहळू कळलं. ती हाक विसरून राहिलेली नाही, आबा गेल्यावर जशी उरली नाही तशी त्यानं मुद्दामच ठेवली नाही, हेही कळलं.

“बंद कर आता, बाळा,” केराबाई म्हणाली.

सृष्टीनं मान हलवली, नको म्हणून. मग तिनं अंगठा पडद्यावर टेकवला आणि कोकराला धुरळ्यात एक पाऊल पुढं चालवलं.