उर्वीला विचारून

शोभनामावशींनी फोन बंद करून पालथा ठेवला आणि त्या उर्वीसमोर पलंगाच्या कडेला बसल्या.

बाहेरच्या खोलीत तिचे आईबाबा वाट पाहत होते. घटस्फोटानंतर गिरीश पुण्याला परतणार होता, सुचित्रा इथेच अमेरिकेत, बेलव्ह्यूला राहणार होती. तेरा वर्षांच्या उर्वीने कुणाजवळ राहायचं हे तिनेच ठरवावं, एवढ्यापुरतं दोघांचं एकमत होतं. कोर्टाचा परका समुपदेशक नको, घरातलं घरात राहू दे, म्हणून त्यांनी निवृत्त बालरोगतज्ज्ञ मावशींना बोलावलं होतं.

"मोकळेपणानं सांग हं. मी काही परकी नाही."

उर्वीने मान डोलावली. "बाबाचं आधी ऐकवू, की आईचं?"

"म्हणजे?"

तिने घसा खाकरला. दोनदा, अगदी गिरीशसारखा. "पुण्यात आजीआजोबा आहेत, कझिन्स आहेत. इकडे तुला कोण आहे? थिंक लॉजिकली." एरवी मराठीत अडखळणारी मुलगी एकाही शब्दावर अडखळली नाही. मग तिचे खांदे किंचित उतरले, श्वास लांबला, आणि त्याच ओठांतून सुचित्रा बोलू लागली. "तुझी शाळा, तुझे फ्रेंड्स. मी फोर्स नाही करत, पिल्लू. पण आई एकटी पडेल."

बाहेर भर दुपारी दिवे लागले होते. पाऊस पडत नव्हता. हवेतच थबकून खिडकीशी कान लावून होता.

"नकला छान करतेस गं," मावशी हसू पाहत म्हणाल्या. "पण तुला काय वाटतं?"

"तुमचं पण येतं मला."

"माझं?"

उर्वीने नाकावर नसलेला चष्मा बोटाने वर सरकवला. "मुलीनं आईजवळच राहावं," ती मावशींच्या कापऱ्या आवाजात म्हणाली. "आता विचारायचं म्हणून विचारायचं, झालं."

हे मावशींनी कुणालाही ऐकवलं नव्हतं. सकाळी रेडमंडहून एकट्याच ड्राइव्ह करत येताना ते नुसतं मनात येऊन गेलं होतं.

चष्म्याकडे गेलेला हात त्यांनी मध्येच आवरला. त्या उठल्या, दार उघडलं. गिरीश आणि सुचित्रा एकदमच उभे राहिले.

"काय म्हणाली?"

"अजून काहीच नाही."

"पण आवाज येत होता ना तिचा," सुचित्रा म्हणाली.

"ते आपणच होतो."

तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं. बारीक, खरखरीत, फार दिवस न वापरलेला आवाज. तो तिघांपैकी कुणालाच ओळखता आला नाही.

"मावशी, आत या ना. अँड क्लोज द डोअर."