पालीने खोचलेली केबल

हे कुणालाच पटणार नाही, तरी सांगतो. गावशुद्धीच्या सणाला आमच्या वस्तीचं नेटवर्क बंद पाडलं ते एका पालीने. अख्ख्या जावा बेटावर असं कधी झालं नसेल.

ते नेटवर्क उभं केलं होतं बू वार्सिनीने. वरच्या गल्लीचं जाळं वेगळं, खालच्या गल्लीचं वेगळं, आणि मधे चौकीच्या भिंतीवर एक पेटी. वरच्या घरातून वरच्याच घरी काही धाडायचं तर गल्लीतला स्विच ते परस्पर पोचवी. खाली धाडायचं तर पेटीकडे सोपवी, कारण खालची वाट फक्त तिला ठाऊक. त्या दुपारी वरच्या मंडपात लारास पहिल्यांदा छायाबाहुल्या नाचवणार होती. तिला ते शिकवणारे आजोबा, म्बाह चेर्मो, खालच्या गल्लीत अंथरुणाला खिळलेले. नातीचा खेळ त्यांना घरच्या पडद्यावर दाखवीन, असा शब्द वार्सिनी देऊन बसली होती.

सकाळी सगळ्यांनी मिळून वस्तीची झाडलोट केली. आणि खेळ तोंडावर आला असताना सगळं ठप्प. वरच्या स्विचचे दिवे वेड लागल्यासारखे लुकलुकत होते. मंडपातले बाप्ये म्हणाले, राहू दे बू, म्हाताऱ्याला उद्या सांगू कसं झालं ते.

"उद्या काय सांगताय? त्यांना आज बघायचंय," ती म्हणाली. "सरका, उजेड अडवू नका."

ती शिडीवर चढली आणि एकेक केबल उपसून दिव्यांकडे बघू लागली. स्विच इतका तापला होता, की वर बसल्या बसल्या तिने त्याच्यावर टेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, काप तळले आणि खाली उभ्या सगळ्यांना वाटले. अखेर एक केबल ओढली आणि दिवे शांत झाले. तिची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये! एका भोकातून सुटलेली हाक दुसऱ्यातून परत आत, पुन्हा बाहेर. त्या गोंगाटात कुणाचं काही कुणाला पोचेना. लोंबतं टोक तोंडात धरून रिकाम्या भोकात खोचलं ते पालीनेच. शेपटी अजून बाहेर वळवळत होती.

वरची गल्ली जागी झाली, खालची नाही. मघाच्या गोंधळात कुणीतरी पेटी बंद करून चालू केली होती, आणि कधी जतन न केलेली खालची वाट ती विसरून गेली होती. मंडपात वाद्यं सुरू झाली. वार्सिनीने पेटीपाशी मांडी ठोकली आणि वाट पुन्हा लिहून दिली. लारासने पहिली बाहुली उचलली, तशी खालच्या गल्लीत पांघरुणावर म्हाताऱ्याची बोटं बाहुलीची दांडी धरल्यासारखी हलली...

"पाक जुमादी," माझ्या मागून वार्सिनी म्हणाली, "टेंपे मी घरून तळून आणले होते. आणि झाडलोट करताना लोंबती केबल बघवली नाही म्हणून नीट खोचून ठेवणारी पाल इथेच बसून गोष्ट सांगतेय."