चार अंश

सहादेव साळवे म्हणजे लावलेलं कुलूप तीनदा ओढून पाहणारा माणूस. केडगावातल्या त्यांच्या छोट्या कंपनीत दूध थंड ठेवणाऱ्या टाक्यांसाठी कॉम्प्युटरची यंत्रणा तयार व्हायची. त्यातली एखादी ओळ जरी कोणी बदलली, तरी ती कागदावर छापून आधी सहादेवांच्या टेबलावर यायची आणि त्यांच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय पुढे सरकायची नाही. कंपनी सुरू झाल्यापासूनच्या चार वर्षांत एकही कागद कोरा सुटला नव्हता, आणि त्यांना याचा अभिमानही होता.

त्या दुपारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ज्ञानेश्वरीने आणलेला कागद मात्र जेमतेम सहा ओळींचा होता. बदल होता कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या गाभ्यात बसून टाकीतलं तापमान मोजणाऱ्या कार्डाशी बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. लाईट गेली की बॅटरी वाचवण्यासाठी हा ड्रायव्हर कार्डाला झोपवायचा. दर पंधरा मिनिटांनी उठवायचा, तापमान विचारायचा, पुन्हा झोपवायचा. ज्ञानेश्वरीने आता एवढंच केलं होतं, की कार्ड उठल्यावर एक सेकंद थांबायचं आणि मग विचारायचं. शेजारी कारण लिहिलं होतं: ‘खबरदारी म्हणून.’

सहादेवांच्या कपाळाला आठी पडली. खबरदारी कोणाची? आणि नेमकी आजच का?

कारण उद्या पुणतांब्याच्या दूध संस्थेची बैठक होती. तीन आठवड्यांपूर्वी तिथे आठ तास लाईट नव्हती आणि टाकीतलं दोन हजार लिटर दूध नासलं. कंपनीने बसवलेल्या कॉम्प्युटरची नोंद मात्र सांगत होती, चार अंश, पूर्ण वेळ चार अंश. चार अंशांवर दूध नासत नाही, म्हणजे टाकी सांभाळणाऱ्या छगनने शिळं दूध मिसळलं असणार, असं संस्थेने ठरवलं आणि त्याला घरी बसवलं. कामावरून काढायचं की नाही, याचा फैसला उद्या होता. छगन आपला एकच सांगत राहिला, “म्या हात घालून पाह्यलं, दूध कोमट हुतं. पन मशीन चार म्हनत हुतं, मंग जनरेटर कसा चालू करनार?” संस्थेने कंपनीकडे विचारणा केली, तेव्हा सहादेवांनी स्वतःच्या सहीने पत्र दिलं होतं, ‘यंत्रणा निर्दोष आहे.’

आणि ज्ञानेश्वरी होती पुणतांब्याची.

“छगन तुझा कोण लागतो?” त्यांनी एकदम विचारलं.

“कोणी नाही, सर.”

“मग हा बदल कोणी सांगितला?”

“कोणी नाही.” ती खाली बघत होती. खोटं बोलणारी माणसं जमिनीकडे बघतात, हे सहादेवांचं ठाम मत होतं. उद्या बैठकीत हाच कागद नाचवून छगनला सोडवायचा डाव असणार, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

“ठीक आहे. पाहूच आता,” ते म्हणाले.

पुणे रस्त्यावरच्या रसाच्या गाड्यावरून त्यांनी बर्फ मागवला. एका ग्लासात बर्फाचं पाणी, दुसऱ्यात कोमट. आधी जुना ड्रायव्हर चालू केला. तापमानाची कांडी बर्फात बुडवली, पडद्यावर एक अंश आला. मग प्लग काढला, कार्ड झोपलं, आणि कांडी उचलून कोमट पाण्यात ठेवली. पंधरा मिनिटांऐवजी दर मिनिटाला उठवायचं ठरवून दिलं होतं.

पहिलं मिनिट, एक अंश. दुसरं, एक अंश. दहाव्या मिनिटालाही एक अंशच.

सहादेवांनी ग्लासात बोट बुडवलं. पाणी चांगलं कोमट होतं. कार्ड उठून नवं तापमान मोजायच्या आतच ड्रायव्हर त्याला विचारत होता. ते बिचारं झोपण्यापूर्वीचं जुनंच उत्तर देत होतं आणि पुन्हा झोपत होतं. लाईट येईपर्यंत, मग दोन तास असोत की आठ.

मग त्यांनी नवा ड्रायव्हर चालवला. पहिल्याच मिनिटाला छत्तीस.

“पण थांबायचं तर कार्ड उठवतो तिथेच थांबायला हवं,” ते सवयीने करवादले. “तू दुसऱ्याच फाईलमध्ये का घातलंस हे?”

त्यांनी कार्ड उठवणारी मूळ फाईल उघडली. पहिल्याच ओळीत लिहिणाऱ्याचं नाव होतं: सहादेव साळवे, १९९४.

“तुमच्या फाईलला हात कसा लावणार, सर?” ती हळूच म्हणाली. “मला वाटलं, दूध तरी पुढे नासायचं नाही.”

“आणि छगन?”

तिचे डोळे भरून आले. सहादेवांना तिचा राग आला आणि स्वतःची तर विलक्षण लाज वाटली. सगळ्यांच्या ओळी लाल करणाऱ्या माणसाने स्वतःची फाईल चार वर्षांत एकदाही छापून काढली नव्हती. त्यांनी ‘खबरदारी म्हणून’ वर काट मारली आणि खाली लाल पेनाने लिहिलं, ‘मूळ चूक स. साळवे यांची. पुणतांब्याची नोंद खोटी आहे.’ मग तो बदल स्वतःच्या फाईलमध्ये नेला.

दुसऱ्या दिवशी ते कॉम्प्युटर टेम्पोत घालून पुणतांब्याला गेले. बैठकीत सगळ्यांसमोर दोन ग्लास मांडले आणि जुना ड्रायव्हर चालवून दाखवला. कांडी कोमट पाण्यात ठेवूनही पडद्यावर एकच अंश दिसत राहिला, तेव्हा त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या छगनला पुढे बोलावलं.

“बोट घाला, छगनराव. काय वाटतं?”

छगनने बोट घातलं, पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा ग्लासाकडे पाहिलं.

“बोला की.”

“कोमट वाटतंय,” तो चाचरत म्हणाला. “पन मशीन एक म्हनतंय.”

“मशीन चुकलंय. म्हणजे मी चुकलोय. तुमचा हात बरोबर आहे.”

छगन ओल्या हाताकडे बघत राहिला. “साहेब, नातीला ताप हाय दोन दिस. म्या तिच्या कपाळाला हातच लावला न्हाई. म्हनलं, आपल्या हाताला आता कळत न्हाई.”

“कामाचं नंतर बघू,” सहादेव कसेबसे म्हणाले, “आधी घरी जा.”