सोळा सोमवार आन् मेडिकलची गोळी

सखुबाई नवस बोलायला लागली की औंढ्याचा नागनाथ गाभाऱ्यात आणखी दोन पायऱ्या खाली सरकायचा म्हणं. येवढी तिची दहशत!

औंदाचा नवस नातवंडाचा. सून प्रतिक्षानं सोळा सोमवार औंढ्याला जायाचं, मधी एकबी चुकवायचा न्हाई. आता बाईची अडचण काय वार बघून येती व्हय? पण सखुबाईजवळ इलाज व्हता. मेडिकलमधून पाळी लांबवायची गोळी आणली.

"घे पोरी, रोज एक. देवाचं काम हाये."

सोळाच्या सोळा सोमवार बराबर पार पडले. खाडा न्हाई, आन् लेकरूबी न्हाई. सखुबाईनं सोयरिकी जुळवणाऱ्या तातेरावाला आपल्या लेकासाठी, भागवतसाठी, दुसरी पोरगी बघायला सांगितली. तवा प्रतिक्षा पुढं झाली.

"आत्याबाई, एकदा हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईला तरी दाखवू."

"चाल. तुही खोट कळू दे समद्याइला."

डॉक्टरीणबाईनं समदं इचारलं. मंग म्हणाली, "मावशी, बाईच्या अंगात दोन हार्मोन राबतात. एक पिशवीत गादी अंथरतं, दुसरं ती सांभाळून पाहुण्याची वाट बघतं. पाहुणा नाही आला की गादी काढून नवी टाकायची. तीच पाळी. तुमची गोळी त्या दुसऱ्या हार्मोनसारखी. चार महिने रोज खाल्ली की अंगाला वाटतं, पाहुणा आलेलाच आहे. मग बीज सुटतच नाही. हिच्यात खोट नाही. गोळी दिली कोणी?"

प्रतिक्षानं सासूकडं बघितलं. सासूनं वर बघितलं.

"पंखा लई हळू फिरून राहिला, बाई."

येताना सखुबाई अशी गप, की बाई खाली पडली काय म्हणून ड्रायव्हरनं जीप दोनदा थांबवली.

गोळी बंद झाली. पुढं एका सोमवारी प्रतिक्षा दारातूनच म्हणाली, "आत्याबाई, मला अडचण आली."

सखुबाई एकलीच औंढ्याला गेली. वाकून गाभाऱ्यात उतरली आन् देवालाच झापलं, "सोळा सोमवार पोरगी तुह्यासमोर उभी व्हती. तुला बोलाया काय झालं व्हतं? आता गादी निघून राहिली. जरा दम धर."

घरी आली तं वसरीवर तातेराव. "सखुबाई, वाशिमकडचं स्थळ आणलंय. पोरगी सोन्यावानी."

"च्या प्या आन् निघा. नागनाथानं सोता सांगितलं, सुनेची काईच चूक न्हाई."

दाराआड प्रतिक्षानं पदर तोंडाला लावला.

"मंग चूक कोणाची?" तातेरावनं इचारलं.

"ते सांगूनच राहिला व्हता देव," सखुबाई म्हणाली, "तेवढ्यात पुजाऱ्यानं मला पुढं ढकललं!"