अर्ध्या मिनिटाचा थांब्या

मित्रांनो, मी एक जुना थांब्या आहे. खरे नाव स्टॉपवॉच. पण शाळेतली मुले मला थांब्याच म्हणत. डोक्यावरची कळ दाबली की माझा काटा पळतो, पुन्हा दाबली की जागच्या जागी उभा राहतो. एवढेच मला येते. त्यामुळे माझी गोष्ट तुम्हाला आवडेल की नाही, याची जरा धाकधूकच आहे.

एका म्हाताऱ्या कारागिराने डोळ्याला भिंग लावून माझी स्प्रिंग बसवली, कानाशी धरून टिकटिक ऐकली आणि मला डबीत ठेवले. तिथून मी एका खेळाच्या सरांच्या गळ्यात आलो. पंचवीस वर्षे मी मैदानावर सेकंद मोजले. जो लवकर पोहोचे त्याला शाबासकी, मागे राहणाऱ्याला, "काय रे, वाटेत झोपलास का?" मीही तेच शिकलो, लवकर ते चांगले. मग आकड्यांची नवी घड्याळे आली आणि मी खणात, शाई वाळलेल्या पेनांशेजारी जाऊन पडलो.

सरांची मुलगी मोठी होऊन वाचा-उपचार करू लागली. आजारपणात ज्यांचे बोलणे गेले, त्यांना ती पुन्हा बोलते करी, आणि हरवलेले शब्द परत कसे येतात यावर संशोधनही करी. सगळे तिला ताई म्हणत. एके दिवशी तिने मला खणातून काढले, पुसले, चावी दिली. मी चाललो! माझा मलाच विश्वास बसेना.

ताईच्या खोलीत एक शिंपी येत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. अर्धांगाच्या झटक्यानंतर हात सावरला होता, पण शब्द सापडत नव्हते. ऐकलेले सारे समजे. ओठांवर मात्र काही येत नसे. सोबत त्यांची बायको, काकू.

ताई चित्र दाखवी आणि माझी कळ दाबी. "मास्तर, हे काय?"

मास्तर ओठ हलवीत. माझ्या पळत्या काट्याकडे पाहत. कपाळावर घाम येई.

"सुई!" काकू म्हणत. "अहो, सुई! जन्म गेला हिच्याबरोबर, आणि आता ओळख दाखवत नाही होय!"

काकूंचा जीव होता त्यांच्यावर. त्यांना घोटभर पाणी हवे असले, तरी 'पाणी' हा शब्द त्यांच्याआधी त्याच म्हणून टाकत. एकदा त्यांनी ताईला सांगितले, "दुकान पुतण्याला देऊन टाकतोय. ह्यांचीही तीच इच्छा आहे. मान हलवली ना त्यांनी!"

मास्तरांनी पुन्हा मान हलवली. पण खिशातून डोकावणाऱ्या दुकानाच्या किल्लीवर त्यांची मूठ आवळली होती. ते मी टेबलावरून पाहिले. सांगणार कसे? माझ्याही तोंडी टिकटिकीखेरीज काही नाही.

त्या संध्याकाळी ताई वही उघडून बसली. मास्तरांच्या रकान्यात त्यांचा स्वतःचा आकडा एकही नव्हता. दरवेळी तिसऱ्या सेकंदाला काकूंचे उत्तर.

"मी चुकीच्या माणसाला मोजत होते," ताई स्वतःशीच म्हणाली.

पुढच्या खेपेला तिने मला काकूंच्या हातात दिले. "काकू, काटा अर्ध्यावर येईपर्यंत तोंड बंद."

"अगंबाई, अर्धं मिनिट? तेवढ्यात मी चार शेजारणींची ख्यालीखुशाली विचारून येईन!"

"मग आज शेजारणींना सुट्टी द्या."

चार दिवस काकूंच्या ओठांची नुसती फडफड झाली. पाचव्या दिवशी, सव्विसाव्या सेकंदाला, मास्तर म्हणाले, "का... कात्री." काकूंनी मला इतके घट्ट धरले की माझी काच कुरकुरली.

मग एके दिवशी ताईच्या खोलीत पुतण्या आला. भला मुलगा होता. "काका, दुकानाची किल्ली द्याल ना?"

काकूंचे तोंड उघडले. मग अंगठ्याने माझी कळ दाबली आणि तोंड मिटले. दहा सेकंद. वीस. माझी स्प्रिंग जुनी; मध्येच थांबलो तर, या भीतीने मी अर्धा झालो. तीस झाले. काकूंना आता बोलायची मुभा होती. त्या बोलल्या नाहीत.

अडतिसाव्या सेकंदाला मास्तर म्हणाले, "नको. दुकान... माझं."

काकूंच्या डोळ्यांना धार लागली. "अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

 माझा काटा पळतच होता.

"तू," मास्तर हळूच हसले, "थांबलीस... कुठं?"

आता दुकान अर्धा दिवस उघडते. पुतण्या कापड बेततो, मास्तर मापे सांगतात. काकू ओठांत टाचण्या धरून काजे-बटणे करतात. मध्ये बोलायची सोयच उरत नाही. मी टेपेशेजारच्या खिळ्यावर असतो. अलीकडे मी मिनिटाला चार सेकंद मागे पडतो. ताई म्हणाली, "संशोधनाला हा चालायचा नाही. दुकानाला चालेल." कुणी गिऱ्हाईक घाई करू लागले की काकू टाचण्या न काढता माझ्याकडे बोट दाखवतात.

मित्रांनो, मला चावी द्यायला विसरलात तरी मी रागावणार नाही. पण तुमच्यासमोर कुणी शब्द शोधत असेल, तर त्याच्या हातून तो काढून घेऊ नका. काट्याकडे नको, त्याच्या डोळ्यांकडे पाहा. तो निघाला आहे. वाटेत झोपलेला नाही.