खालचा पलंग

माझ्या मुलाने, वरदने माझी सोय हॉस्टेलमध्ये केली, त्यात त्याचा काही दोष नव्हता. हिगाशी-कसाई या जपानी उपनगरातलं त्याचं घर दोन खोल्यांचं. त्याच्या बायकोचं, अनघाचं बाळंतपण करायला तिची आई विद्याताई आणि वडील आधीपासून येऊन राहिलेले. ते गेले की मी यायचं, असं ठरलं होतं. पण बाळ दहा दिवस उशिरा आलं आणि माझं तिकीट बदलता आलं नाही. म्हणून बारशापर्यंत मी जवळच्याच निशी-कसाईतल्या प्रवाशांच्या हॉस्टेलमध्ये झोपायचं आणि दिवसा घरी जायचं.

खोलीत आठ पलंग होते, एकावर एक असे चार जोड. प्रत्येकाला पडदा आणि उशाशी छोटा दिवा. पाठीवर बोचकी घेऊन हिंडणाऱ्या मुली यायच्या, झोपायच्या, सकाळी निघून जायच्या. कोण कुठली, काही कळायचं नाही. काउंटरवर गीता नावाची नेपाळी बाई होती, चाळिशीची. तिने माझे गुडघे पाहिले आणि न विचारता खालचा पलंग दिला. आम्ही हिंदीत बोलायचो. ती मला आमा म्हणायची. प्रत्येक पलंगाला माणसाचं नाव आणि जायचा दिवस लिहिलेलं कार्ड अडकवलेलं असे. माझं कार्ड तिने आपल्या देवनागरी अक्षरांत लिहिलं होतं: सुलेखा, रविवार. मी लिहायला शिकले तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. वाचताना अजून ओठ हलतात. त्या अख्ख्या इमारतीत मला वाचता येईल असं तेवढंच एक होतं.

पुण्यात एका प्रसूतिगृहात मी सव्वीस वर्षं आया होते. बाळांना न्हाऊ घालायचं, बाळंतिणींना शेकायचं, सकाळी सगळ्या खाटांच्या चादरी काढून धुवायला टाकायच्या. वरदचं शिक्षण त्यावरच झालं. विमानतळावरून येताना गाडीत तो किती दिवसांनी मोकळा हसत होता. म्हणाला, विद्याताई गेल्या की बाळ तुझ्याच हाती, तुझ्याएवढं कोणाला कळतं. अनघाला तीन महिन्यांनी कामावर जायचं आहे, पाळणाघरात नंबर लागत नाही. ऑफिसमध्येही सांगून ठेवलंय म्हणे, आई येतेय, आता काळजी नाही. मी नुसतं बघू म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

त्याला माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना माझा हात एकाएकी निकामी झाला. बोटं होती, पण पकड नव्हती. बाळ सटकलं. शेजारी नर्स होती, तिने वरच्यावर झेललं. बाळाला काही झालं नाही, कोणी मला बोललंही नाही. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर गेले नाही. वरदला फोनवर सांगितलं, वय झालं, पुरे आता.

घरी गेले त्या पहिल्याच दिवशी अनघाने बाळ माझ्यापुढे धरलं. मुलगी. वरदसारखंच कपाळ. मी मास्क चढवला आणि सर्दी झालीय म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी अनघाने बाळ पुढे करणं सोडलं. मी भांडी घासायचे, खोबरं खवायचे, बाळाचे कपडे घडी करायचे, आणि पाळण्यापासून हातभर लांब उभी राहायचे. विद्याताई दुधाच्या पातेल्याकडे बघत म्हणाल्या, "मुलगा असता तर सर्दी एवढी टिकली नसती."

अनघाने ऐकलं. वरदनेही. मला तेव्हाच सांगता आलं असतं. पण सांगितलं तर मी इथे कशाला आले, हा प्रश्न होता. रविवारी बारसं होतं. पाळण्याच्या खालून-वरून बाळ देताना एका बाजूला आजी लागते, ती मी. गुरुवारी संध्याकाळी हॉस्टेलच्या पायऱ्या चढताना मी दोनदा थांबले.

शुक्रवारी सकाळी नऊला खोली रिकामी झाली. मुली फिरायला गेल्या होत्या. आठ पलंग चुरगळलेले, पडदे अर्धवट ओढलेले. मी पिशवी घेऊन निघणार होते, पण हात आपोआप पहिल्या चादरीला गेले. मग दुसरी. वरच्या पलंगांच्या मी खालूनच ओढून काढल्या. कोणाचं पुस्तक, कोणाचे मोजे, उशीखालचं चष्म्याचं घर, सगळं मेजावर रचून ठेवलं. कार्डं बघायचं सुचलंच नाही. बघितली असती तरी मला काय कळणार होतं. त्या दिवशी दोघीच जायच्या होत्या, बाकीच्या राहणार होत्या. जाणारीने आपली चादर आपण काढून टोपलीत टाकायची, राहणारीच्या अंथरुणाला कोणी हात लावायचा नाही, असा तिथला नियम. आठ चादरी आणि आठ अभ्रे यांचं गाठोडं मी एकेक पायरी खाली सरकवत धुण्याच्या खोलीत आणलं. यंत्रात टाकायला उचललं आणि मनगट गेलं. खाली बसून एकेक टाकू म्हटलं. बसले. उठता येईना.

गीता आली तेव्हा मी चादरींच्या ढिगात बसलेली होते. आधी ती हसली. मग माझ्या काखेत हात घालून तिने मला उठवलं आणि स्टुलावर बसवलं. पण एक मुलगी अर्ध्या तासात परतली आणि आपला पलंग उघडा पाहून काउंटरवर आली, तेव्हा गीताला वरदला फोन करावाच लागला.

वरद दुपारी कामावरून, तोयोसूहून आला. गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. माफी मागत गीतापुढे वाकला, त्या मुलीपुढे वाकला, तिचं चष्म्याचं घर मेजावरून स्वतः आणून दिलं. मग खाली लॉबीत माझ्याशेजारी बसला. रागावला नव्हता, दमला होता. रात्री बाळ झोपू देत नव्हतं.

"आई, इथे पैसे भरून राहतो आपण. कामाला नाही आलेलो."

मी म्हटलं, सवय आहे.

तो जरा हसला. "मग ती सवय रविवारपर्यंत जपून ठेव. पुढे तीन महिन्यांनी लागणारच आहे." थोडं थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "खरं सांग. मुलगी झाली म्हणून घेत नाहीस का तिला?"

हे त्यानेही विचारावं.

"माझ्या हातून एक बाळ पडलंय," मी म्हणाले. "पडता पडता राहिलं. तेव्हापासून मी बाळाला हात लावलेला नाही."

मग सगळं सांगितलं. नर्सचं, हाताचं, सकाळच्या चादरींचं. सांगताना मला रडू आलं नाही, फक्त झोप आल्यासारखं झालं. त्याने माझा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाला, दाब. मी दाबला. तो वाट बघत राहिला. मी दाबत होते.

त्याने तिथूनच अनघाला फोन लावला. सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. मग त्याने फोन माझ्या कानाला लावला.

"आई, तुम्ही चार दिवस माझ्यासमोर भांडी घासलीत," अनघा म्हणाली. आवाज कोरडा होता. "भांडी निसटली असती तर चाललं असतं. हे आधी सांगायचं नाही का?"

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"रविवारी खुर्चीत बसा. मांडीवर उशी देते. धरायला मी आहे."

तीन महिन्यांनंतरचं काय, ते तसंच राहिलं. वरद उठला. त्याची मीटिंग होती. दारापर्यंत जाऊन परत आला आणि म्हणाला, पाळणाघराच्या दुसऱ्या यादीतही नाव घालून बघतो. मग गेला.

रविवारी सकाळी मी आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून खोलीत आले. सात पलंग चुरगळलेले होते. एकीची चादर अर्धी जमिनीवर लोळत होती. मी ती उचलली नाही. माझ्या कार्डावर रविवार लिहिलं होतं, म्हणून माझी चादर तेवढी काढली, अभ्रा काढला, दोन्ही पोटाशी धरून हळूहळू खाली नेलं आणि टोपलीत टाकलं. गीताने वर पाहिलं. म्हणाली, आमा, आज एकच? मी म्हटलं, एकच.

बाहेर वरद उभा होता. आम्ही चालत निघालो. वाटेत दोनदा बसलो.