पाचोडची न बसलेली धूळ

“आता मी जे सांगणार हाय, ते कुणाला पटायचं नाय,” कडुबा म्हणाले आणि त्यांनी बाटली उजेडाकडे धरली.

बाटलीच्या तळाशी पांढऱ्या सुयांचा थर होता. गजकर्णाचं ते लोशन सकाळी त्यांनीच बनवलेलं. दुपारी मनकर्णाबाई ते घेऊन पैठण गेटजवळच्या या मेडिकलवर परत आल्या होत्या. दुकानाची मालकीण तनुजा काउंटरवर हात टेकून उभी होती. आणखी एका बाटलीत असा साका बसला तर औषध मिसळायचं टेबल बंद, मग कडुबाकाकांनी मागच्या खोलीत खोकी लावायची, असं तिनं मागच्या आठवड्यातच बजावलं होतं.

काय चुकलं ते कडुबांना पक्कं ठाऊक होतं. या लोशनातली पावडर पाण्याला जुमानत नाही. आधी ती स्पिरिटमध्ये पुरती विरघळवायची, मग पाणी बारीक धारेनं, ढवळत ढवळत सोडायचं. एकदम ओतलं की विरघळलेली पावडर सुया होऊन पुन्हा बाहेर येते. सकाळी ते शेजारच्या पानवाल्याला बिबट्याची गोष्ट सांगत होते. बिबट्यानं झेप घेतली, आणि त्याच झपाट्यात सगळं पाणी भसकन आत गेलं.

हे कबूल करण्यापेक्षा पाचोडवर ढकलणं सोपं होतं. बाटलीवरच्या चिठ्ठीत बाईंचं गाव तेच लिहिलेलं.

पूर्वी आपलं एक लोशन पाचोडच्या बाजारात सांडलं, असं त्यांनी सुरू केलं. ते इतकं नामी जमलं होतं, की ज्याला त्याचा वास लागला ते खाली बसायचंच विसरलं. चहाची पत्ती वर तरंगत राहिली. एका बाईनं दुधात लिंबू पिळलं, दूध फाटेना. बैलांनी उडवलेली धूळ पुढच्या बाजारापर्यंत अधांतरीच. माणसं तिच्याखालून वाकून जायची.

“मग?” तनुजानं विचारलं. चेहरा कोरा.

“मग काय ताई, ती अजून वरच हाय. लई थकली बिचारी. माझ्या हातची बाटली पाचोडच्या शिवेत शिरली, की वास ओळखती अन् आत येऊन बसती. मिसळण्यात खोट नाय.”

तनुजानं बाटली हातात घेऊन हलवली. थर जरासा उठला, पुन्हा बसला. टेबल वाचलं बहुतेक, असं कडुबांना वाटलं.

मनकर्णाबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“खोटं बोलता तुम्ही, दादा. पाचोडला मी अजून गेलेच कुठं? सकाळपासून ही बाटली इथंच, शहागंजात माझ्या लेकीच्या फ्रिजवर उभी व्हती.”